बंबावरचा बत्ता

बत्त्याची सुतळी मी आधी सोडली आणि मग तिच्याकडे धावलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

आमची मुलगी भोरच्या घरी जन्मली तेव्हाची गोष्ट. मेहुणा मुंबईला फिटर होता. बहिणीच्या बाळंतपणासाठी त्यानं स्वतः जोडलेला तांब्याचा बंब आणून दिला. नेहमीच्या बंबावर नुसतं सैल झाकण असतं. हा मात्र घट्ट बंद. माथ्यावर पितळी झडप, झडपेवर आडवी दांडी, दांडीच्या टोकाला लहानसं वजन. आत वाफ कोंडली की झडप उचलली जायची आणि फुसफुसत वाफ बाहेर पडायची. जाताना त्यानं बजावलं होतं, की आवाजाला भिऊ नका, पण त्या दांडीला कुणी हात लावायचा नाही.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी मावशी मूळची हिर्डोशीची. आळीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली होती. बंब फुसफुसायला लागला की ती हसायची. "माजा दादला आसाच घोरायचा. त्यो गेला, घोरणं तेवढं हितं ठिवून गेला."

न्हाणीघर आणि बाळंतिणीची खोली यांत एकच भिंत. वाफ सुटली की मुलगी दचकून उठायची. बायकोचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. एका सकाळी रडून रडून मुलगी जरा निजली, तिच्याबरोबर बायकोही. तेवढ्यात बंब सुरू झाला. मी खलातला लोखंडी बत्ता उचलला आणि सुतळीनं त्या दांडीला, भिंतीकडच्या बाजूला सहज दिसणार नाही असा टांगला. बंब गप्प झाला. मला वाटलं, केवढी सोपी युक्ती.

मावशी आली, बंबापाशी जाऊन थबकली.

"मालक, आज दादला घोरंना. जाळ इझला जनू?"

तेव्हा खरं सांगायला काय झालं होतं मला? मेहुण्यानं बजावलेलं तिनंही ऐकलं होतं. तिच्यासमोर ओशाळं व्हायला नको, एवढंच मनात होतं.

"पाणी तापलं नसेल अजून," मी म्हणालो.

तिनं वाकून आणखी लाकडं सारली. मी ओसरीवर आलो, आणि बंब फुटला.

कौलं खाली आली. न्हाणीघर पांढरंफेक झालं. भिंतीपलीकडे मुलगी रडली, तेव्हा त्या दोघी वाचल्याचं कळलं. मावशी उंबऱ्याशी पडली होती, दोन्ही हात तोंडावर. बत्ता दाराजवळ पडला होता. मी सुतळी सोडून खिशात घातली, बत्ता खलात नेऊन ठेवला. मग तिला उचललं.

मेहुणा आला. फाटलेलं तांबं उलटंपालटं करून त्यानं मला विचारलं, दांडीला कुणी हात लावला होता का. मी नाही म्हणालो. मग आळीत एकच बोललं गेलं, की मावशीनं जाळ फार घातला.

तिच्या चेहऱ्यावरच्या जखमा बऱ्याचशा भरून आल्या. बोटं मात्र आखडली ती आखडलीच. मी भेटायला गेलो, तर तीच आधी बोलली.

"पोरगी बरी हाय न्हवं? म्याच लाकडं जास्ती सारली, मालक. माज्या हातनं तुमचा बंब गेला."

"असू दे," मी म्हणालो. म्हणजे मी तिला माफ केलं.

पुढं तिला कुणी बोलावलं नाही. बोटं चालत नव्हती हे खरं, पण पोरांना नुसतं पायांवर घ्यायलाही कुणी दिलं नाही. ती हिर्डोशीला भावाकडं निघून गेली. बाजाराला येणारी माणसं सांगतात, अजून आहे.

आता तीच मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. पाणी चुलीवरच्या हंड्यात तापतं. घरात बंब मी पुन्हा येऊ दिला नाही. सगळ्यांना वाटतं, मी धसका घेतला. बायको त्याच खलात, त्याच बत्त्यानं डिंक कुटते. ठण् ठण् आवाज घरभर फिरतो आणि मी अंगणात जाऊन उभा राहतो. तिथंही तो ऐकू येतो.

परवा मुलीनं विचारलं, आपल्याकडे बंब का नाही? बायकोनं तिला मावशीच्या निष्काळजीपणाची गोष्ट सांगितली, आळीला ठाऊक आहे तशी. मी जेवत होतो. मान खाली घालून जेवत राहिलो.

तिचे हात मला परत देता येणार नाहीत. पण चूक तिची नव्हती, माझी होती, हे तिच्या दारात, तिच्या भावकीदेखत, आणि मग आमच्या आळीत सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. हिर्डोशीपर्यंत चालत जाता येतं. मी अजून गेलेलो नाही.