भिरुडाच्या मिशा

आमच्या शिवारात किड्याची जात वळखावी तर मीच. परवा शर्टाचं तुटलेलं बटण भुंगा समजून चपलंनं ठेचलं, ती गोष्ट सोडा.

आज सकाळी बांधावरच्या आंब्याखाली गेलो आन् वल्या भुशाचा वास आला. सुताराच्या दारात येतो तसा, पर जरा आंबूस. त्या वासासरशी चुलतं आठवलं. पल्टनीतनं सुभेदार होऊन आष्ट्याला आल्यावर माणसं इलेक्शनला उभी ऱ्हात्यात. ह्येंनी भुंगं गोळा केलं. पेढ्याच्या खोक्यात टाचणीनं टोचलेलं, परेडला उभं केल्यागत वळीनं. एका वळीत भिरूड, म्हंजे झाडाचं खोड पोखरणारं. दुसऱ्या वळीत हुमणीचं भुंगं, ज्येंची पिलावळ उसाच्या मुळ्या खाती. "आदी मिशा बघायच्या रं," म्हणायचं, "अंगाएवढ्या लांब असल्या तर भिरूड. मग पाठीवरचं ठिपकं, मग झाड. घाई करायची न्हाई." शाळेनं मला चौथीतच सोडलं, पर ह्ये धडं माझ्या ध्येनात ऱ्हायलं. निदान मला तसं वाटायचं.

ह्यो आंबा त्येंनीच लावलेला. शेवटच्या दुखण्यात खोकं माझ्या हातात दिलं आन् म्हणालं, "झाडाकडं बघत जा."

गेल्या साली ह्याच आंब्याखाली एक भुंगा घावला. खिशात तंबाखूची डबी व्हती, तीत कोंबला. घरी येऊन खोक्याम्होरं बसलो. पाठीवर ठिपकं हायेत, पर मिशांच्या जागी निसती दोन खुटं. मिशा न्हाईत, म्हंजे भिरूड न्हाई. मग हुमणी म्हणावी, तर हुमणीला ठिपकं कुठनं आलं? लय घोळ झाला. शेवटाला हुमणीच्या वळीत टाचला आन् दुसऱ्या दिशी सगळ्या उसाला औषध सोडलं. उसाला काय बी झालं नव्हतं. इकडं आंबा मातूर अर्धा वाळला.

आज बायकोनं खोडाच्या भोकात सायकलची तार घातली आन् बोटाएवढी पांढरी अळी भाईर वढली.

"आवं, ही तर भिरुडाची पिलावळ. गेल्या सालच्या भुंग्याला तुमी हुमणी म्हणला व्हता न्हवं?"

"त्येला मिशाच नव्हत्या."

"कशातनं आणला व्हता?"

"डबीतनं."

"डबी केवढी, भुंगा केवढा?"

तवा कुठं उजेड पडला. त्या आठवड्यात तंबाखूत दोन लांब काड्या लागल्या व्हत्या. दुकानदाराला शिव्या घालत मी त्या थुकल्या व्हत्या.

चुलत्यांनी एवढं शिकवलं, त्ये माझ्यापाशी ऱ्हायलं, का घाईघाईनं कोंबताना त्येचं बी असंच मोडलं, मला काय सांगता येत न्हाई. अर्धा आंबा अजून हिरवा हाय. त्येच्याकडं बघितलं की वाटतं, ऱ्हायलं असंल थोडं.

बायकोनं भोकात औषधाचा बोळा घातला, वरनं चिखलानं लिंपलं आन् हात झाडत म्हणाली, "हितनं फुडं झाडाकडं मी बघीन. तुमी बटणं मारा."