उपासाला चालणारी गोळी

आईच्या सोमवारच्या उपासाला गुडघेदुखीची गोळी चालायची. साबुदाणा चालत नव्हता, मीठ चालत नव्हतं, चहा तर तिने आपणहूनच सोडला होता. पण औषधाने उपास मोडत नाही म्हणे. त्यामुळे दर सोमवारी सकाळी ती रिकाम्या पोटी पाण्याबरोबर गोळी गिळायची आणि थेट संध्याकाळच्या पूजेनंतर जेवायची. हे सोळा सोमवार होते माझ्या दादाचं लग्न जमावं म्हणून. दादा ठाण्यात टॉवरमध्ये एकटा राहतो, आलेल्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडतो आणि सोमवारी व्यवस्थित जेवतो. आई डोंबिवलीत माझ्याकडे असते.

पोटात आग व्हायला लागली की ती म्हणायची, "ॲसिडिटी आहे गं." डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, "उद्यापन झालं की जाऊ." मी भांडले, गोळ्यांची पाकिटं लपवली. तिने केमिस्टकडून नवी आणली.

चौदाव्या सोमवारी दुपारी बेसिनपाशी तिला रक्ताची उलटी झाली. भोवळ येऊन ती खाली बसली आणि पहिलं काय विचारावं तिने? "उलटीने उपास मोडतो का गं?"

ठाण्याच्या हॉस्पिटलात दुर्बीण घालूनही रक्त थांबेना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून समजावलं, "गोळ्यांनी जठरात जखम झालीय आणि तिच्या तळाशी एक धमनी फुटलीय. मांडीतून बारीक नळी वर नेऊन ती बंद करू. घाबरू नका. जठराला रक्त पुरवणाऱ्या बऱ्याच धमन्या असतात, एकमेकींना जोडलेल्या. एक बंद केली तरी बाकीच्या तिचं काम उचलतात. चालतं."

खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मला रागच आला. आईच्या पोटाला सांभाळून घ्यायला आत एवढ्या जणी होत्या आणि बाहेर बाकावर मी एकटी. त्याच ठाण्यात राहणारा दादा मीटिंग संपवून आला, तोवर सगळं आटोपलं होतं.

आई वाचली. गोळी कायमची बंद आणि पोट रिकामं ठेवायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांनाही बजावलं. दादाने मान डोलावली.

आई घरी आल्यावर तो मोसंबी घेऊन डोंबिवलीला आला. तिच्या पायाशी बसला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आई, तो चौदावा मोडलाच ना गं? काकू म्हणत होती, मध्येच मोडला तर परत पहिल्यापासून धरावे लागतात. म्हणजे तुला बरं वाटल्यावर. घाई काहीच नाहीये."

मी मोसंबी सोलत होते. ती त्याच्या तोंडावर फेकून मारावीशी वाटली. पण मी आईकडे बघत राहिले. आई, एकदा तरी नाही म्हण. फक्त नाही म्हण.

तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"चालेल," ती म्हणाली.