पुसलेली रेघ

शिट्टीचाचांनी तोंडातली शिट्टी काढली की समजायचं, आता शिवी येणार. एरवी त्यांचं सगळं बोलणं शिट्टीतूनच. मेसमध्ये डाळ पातळ झाली तरी शिट्टी. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि हे मी भीडभाड न ठेवता लिहितोय.

कतारमध्ये तेव्हा तेलामागून आलेल्या माणसांचे पत्र्याचे कॅम्प होते. आमच्या छोट्या कॅम्पात संध्याकाळी फिटरकामाचा आणि टायपिंगचा वर्ग भरे. त्याला आम्ही थट्टेनं कॉलेज म्हणायचो. चाचा रत्नागिरीकडचे, दिवसा स्टोअरकीपर आणि संध्याकाळी या कॉलेजाचे सर्वेसर्वा. मोठ्या कॅम्पाच्या ट्रेनिंग स्कूलनं बास्केटबॉलची स्पर्धा ठेवली, तेव्हा ते आम्हाला घेऊन गेले. आमचा असा धुव्वा उडाला, की तिथल्या साहेबानं हसत सांगितलं, पुढच्या वर्षी येण्याची तसदी घेऊ नका.

परतीच्या लॉरीतून उतरल्यावर चाचा म्हणाले, "आपन आपली स्पर्धा ठेवू. फक्त बारक्या कॉलेजांची. मोठ्यांना घेवाचा नाय."

मग आमचा छळ सुरू झाला. वाळूवर टाकाऊ तेल ओतून, रोलर फिरवून आम्ही मैदान केलं. मी म्हसळ्याचा हुतुतूवाला, समोरचा दिसला की कव घालायचो. "ह्यो हुतुतू नाय, मेल्या!" असं खेकसून चाचा मला बाहेर बसवायचे. चुन्याच्या रेघा मात्र ते स्वतः मारत, एका हातानं कंबर धरून. दुसऱ्या कुणी चुन्याला हात लावलेला त्यांना खपत नसे.

पहिल्याच वर्षी आम्ही फायनलला पोचलो. पंचही चाचाच, कारण नियम दुसऱ्या कुणाला येत नव्हते. आपलाच पंच म्हणून आम्ही खुशीत. त्या दिवशी वारा सुटला होता आणि कोपऱ्यातली रेघ वाळूखाली पार गडप झाली होती. शेवटच्या क्षणी, एका गुणानं मागे असताना, मी त्याच कोपऱ्यातून चेंडू टाकला आणि तो जाळीत पडला. आमचा कॅम्प नाचायला लागला. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"पाय भायर व्हता."

"चाचा, हिकडं रेघ कुठं हाय?"

"रेघ हाय. मीच मारलीय, मना म्हायत हाय. खलास!"

आम्ही हरलो. त्यानंतर मेसमध्ये चाचांच्या टेबलावर आमच्यातलं कुणी बसलं नाही. मीच सगळ्यांना तसं बजावलं होतं, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. चाचा एकटे जेवत. डाळ पातळ असली तरी शिट्टी वाजेनाशी झाली. पुढच्या वर्षी मात्र पहिल्या वर्षी यायला नाही म्हणालेले छोटे कॅम्पही स्पर्धेला आले. त्यांना म्हणे असाच पंच हवा होता.

चाचा कायमचे गावी निघाले, तेव्हा दोह्याच्या धक्क्यावर निरोप द्यायला आली ती आम्हाला हरवणारी टीम. आमच्या कॅम्पातला मी एकटा, तोही त्यांची ट्रंक पोचवायची ड्यूटी लागली म्हणून. लाँचमध्ये उतरताना ते माझ्याकडे वळले. वाटलं, आता तरी हा माणूस गोड बोलेल.

"पाय भायरच व्हता रं," ते म्हणाले.

नव्हता. मी आजही सांगतो, नव्हता. पण इथं म्हसळ्यात शाळेचा सामना बघायला बसलो, की लोक चेंडूकडे बघतात आणि माझी नजर पोरांच्या पायांकडे जाते. रेघ पुसट दिसली की जीव कासावीस होतो. गेल्या खेपेला तर सामना थांबवून मी चुना मागितला आणि कंबर धरून रेघ मारली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.