अहमदपूरच्या स्टँडवर वाचलेला कागद

देवावर मी इतकी चिडले होते की सोळा दिवस इष्टलिंग तळहातावर घेतलं नाही. आम्ही लिंगायत, त्यामुळं ते गळ्यात होतं, पण पूजा नाही, विभूती नाही. माझे मालक डोळ्यांदेखत पिवळे पडत होते आणि ज्याच्याकडे मी जन्मभर रोज बघत आले, तो मात्र ढिम्म बसून होता.

आमचं उदगीरला डाळींचं दुकान आहे. मालकांचे आधी डोळे पिवळे झाले, मग लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली आणि शौच पांढरट. खाजवून खाजवून पाठ सोलली. गावात रक्त तपासलं, पण पुढं काही विचारायच्या आतच धाकटे दीर म्हणाले, "कावीळच हाय. अहमदपूरच्या पुढं एक माणूस झाडपाला देतो." त्यांनी रिपोर्टची घडी घालून पिशवीत कोंबली आणि मालकांच्या गळ्यात मुळ्यांची माळ घातली. मी काही बोलले की एकच उत्तर मिळायचं, "वैनी, देवावर भरवसा ठेवा." मला गप्प बसवायला ते देवाला पुढं करत होते. म्हणूनच माझा निम्मा राग देवावर निघाला.

तिसऱ्या खेपेला औषधासाठी निघालो. अहमदपूरच्या स्टँडवर दुसऱ्या गाडीची वाट बघताना मालकांना भरदुपारी हुडहुडी भरली. शेजारी बुरख्यातल्या एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्या बराच वेळ मालकांकडे बघत होत्या.

"भाई, खाज लई येते का?"

"हाव," मालक कसेबसे म्हणाले.

नांदेडच्या एका दवाखान्यात त्या बाईंची सगळी नोकरी रक्त तपासण्यात गेली होती. त्यांनी रिपोर्ट मागितला. दीर उठायच्या आत मी तो पिशवीतून ओढून काढला. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचला.

"बिलिरुबिन चौदा. त्यातलं बहुतेक डायरेक्ट. म्हणजे लिव्हर काम करून राहिलंय, पण पित्ताला बाहेर पडायला वाट न्हाई. हे अल्कलाइन फॉस्फटेज बघा, किती चढलंय. नळी अडली की असं होतं. आता थंडी वाजून राहिली म्हणजे आत विष होऊन राहिलं असंल. ताई, आजच न्या."

दीर उसळले, "बाई, तुम्ही काय डॉक्टर हाय का?"

"न्हाई. म्हणूनच डॉक्टरकडं न्या म्हणते."

तेव्हा माझ्या आत काहीतरी तुटलं. मी मालकांच्या गळ्यातली माळ ओढून दिरांच्या हातात दिली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, "भावजी, यायचं तर नांदेडला या. न्हाईतर ही घेऊन घरी जा!" लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्यांच्यापुढं माझा आवाज चढला तो त्याच दिवशी.

नांदेडच्या गाडीत त्या बाई आमच्याजवळच बसल्या, मी त्यांना आपा म्हणायला लागले; दीरही मागून चढले. वाटेतूनच आपांनी त्यांच्या जुन्या दवाखान्यात फोन केला. सोनोग्राफीत पित्ताची नळी फुगलेली दिसली, तिच्या टोकाला खडा अडकला होता. रक्त गोठायलाही वेळ लागत होता, म्हणून आधी इंजेक्शनं दिली. मग तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला आणि नळीत छोटी प्लास्टिकची नळी बसवली. "अजून दोन दिवस गेले असते तर..." डॉक्टर म्हणाले. दीर तोंड फिरवून रडले. मला त्यांची कीव आली, राग मात्र गेला नाही.

पुढं एक दिवसाआड रक्त घेत. चौदाचे नऊ झाले, नवाचे पाच. पाच ऐकलं त्या सकाळी मी दवाखान्याच्या नळावर हात धुतले, लिंग तळहातावर घेतलं आणि आधी देवाशी पोटभर भांडले. मग हात जोडले.

शरण जायचं म्हणजे गप्प बसायचं, असंच मला शिकवलं होतं. ते खोटं आहे. त्या दिवशी मला ओरडायला लावणारा आणि आपांना त्याच बाकावर आणून बसवणारा एकच होता, असं मी मानते. आपांना आभाराचा फोन केला तर म्हणाल्या, "ताई, मी तर नुसता कागद वाचला." फोन कानाला तसाच धरून मी रडत राहिले, आणि पलीकडून त्यांनीही तो ठेवला नाही.