बोट न ओळखणारं यंत्र

शेजारी ओले काजूगर सोलायला बसले की त्या चिकाच्या वासानं मला आमच्या गावच्या, पार्शाच्या शाळेतला एक दिवस आठवतो. कंपनीची माणसं पोरांना कॉम्प्युटरची कामं दाखवायला आली होती, आम्हां आईबापांनाही बोलावलं होतं. बोट ठेवलं की हिरवा दिवा लागणारं यंत्र त्यांनी मांडलं. आमचं चेडू, म्हणजे आमची मुलगी, सगळ्यांच्या पुढे. पण काजू सोलून चिकानं तिच्या बोटांची सालं निघालेली, दिवा काही लागेना. "हिचं बोट चालत नाही, पुढच्याला येऊ दे," पाहुणा म्हणाला. पोरं हसली. घरी येऊन चेडू म्हणालं, "माका नको तां कॉम्प्युटर." बायकोनं तिच्या पुढ्यातली काजूची टोपली ओढून घेतली. "उद्यापासून काजूक हात लावलंस तर बघ. मी आसंय मगे." त्यानंतर दरवर्षी सगळे काजू बायकोनं एकटीनं सोलले, जळलेल्या बोटांना खोबरेल लावत. मुलगी कॉम्प्युटर शिकून मोठ्या कंपनीत लागली. परवा शाळेनं तिचा सत्कार केला, तेव्हा तिनं आभार मानले ते त्या पाहुण्यांचे. ते चहा पिऊन गेले ते परत फिरकले नाहीत. तिची आई जाऊन वर्ष झालं नाही, आणि तिचं नाव पोरीच्या तोंडात आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी हात मांडीवरून उचलले नाहीत.