जांभळी झाक

विश्वनाथराव पांचाळ गेल्याचं मला परभणीच्या बसस्टँडवर कळलं. मी जिंतूरच्या गाडीची वाट पाहत होतो. त्यांच्या गल्लीतला एक ओळखीचा माणूस शेजारी टेकला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचे बंदूकवाले गेले की. सकाळीच." तुमचे, म्हणाला. कितीतरी वर्षं आमच्यात शब्द नव्हता, तरी लोकांच्या लेखी ते माझेच होते. गाडी लागली, भरली, निघून गेली. मी बाकावरच बसून राहिलो. मैतीलाही गेलो नाही. त्याला आता काही आठवडे झालेत...

मास्तर म्हणून परभणीत आलो तेव्हा मला खोली मिळत नव्हती. आम्ही बौद्ध. आडनाव ऐकलं की घरमालकाला एकाएकी आठवायचं, खोली कालच दिली. विश्वनाथरावांनी आडनाव ऐकलं आणि चावी पुढं केली. "नळ खाली हाय, आमच्याबरोबरच भरायचं," एवढंच बोलले. खोलीखाली त्यांचं बंदूक दुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं. शेतकऱ्यांच्या बारा बोअरच्या बंदुका यायच्या, आणि कधीमधी जुन्या घरांतली, निजामाच्या अमलात घेतलेली रिव्हॉल्व्हरं. शाळा सुटली की मी तिथंच जाऊन बसायचो. मला हत्यारांचं काडीचं वेड नव्हतं. पण ते ज्या मायेनं धातूचा रंग वाचायचे, ते बघत बसावं वाटायचं. निकेलचं पाणी किंचित पिवळसर असतं आणि क्रोमची चमक निळसर, हे त्यांनी मला दोन रिव्हॉल्व्हरं उन्हात शेजारी धरून दाखवलं. कारखान्यातूनच निकेल होऊन आलेल्या पुष्कळ रिव्हॉल्व्हरांचा घोडा आणि चाप वेगळ्या रंगाचा ठेवलेला असतो. मागाहून कुणी पाणी चढवलं की ते सगळंच चकचकीत करून टाकतात. शिवाय घासताना कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि तोंडाशी झिजलं की खालचं तांबं डोकावतं. हाडाच्या कोळशात भाजलेल्या पोलादावर ढगांसारखे निळे-तपकिरी डाग उठतात; असं एखादं आलं की बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हाक मारून दाखवायचे. वहिनी पिठाचे हात तसेच घेऊन यायच्या, बघायच्या, "लय छान," म्हणून परत जायच्या.

एकदा जिंतूरकडच्या, आमच्याच गावातल्या एका बड्या शेतकऱ्यानं त्याचं रिव्हॉल्व्हर नवा रंग द्यायला आणलं. विश्वनाथरावांनी त्यावर निळं-काळं पाणी चढवलं. नळी छान काळी झाली, पण मधल्या सांगाड्यावर पिकल्या जांभळासारखी झाक आली. ते बराच वेळ रिव्हॉल्व्हर फिरवून बघत राहिले. "पोलाद येगळं लागलं, गुरुजी. उष्णता बी चुकली माझी. अशी झाक परत कराय गेलो तरी व्हायची न्हाई." मग हसून म्हणाले, "हजारात टाका, डोळ्यापुढं आलं की सांगीन, हे माझं." पुढं तो शेतकरी वारला. वडिलांचं हत्यार हरवलं, असं त्याच्या मुलानं पोलिसांना कळवलं, आणि आम्हीही ते विसरलो.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी आमच्या गावात आमची वस्ती पेटवली. गावाचं नाव लिहीत नाही. तशी गावं पुष्कळ होती. आई आणि धाकटा भाऊ सुदाम तिथंच होते. सुदाम आईला बाहेर काढत असताना त्याच्या मांडीत गोळी घुसली. पाय वाचला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. गोळी घालणारा तोच, त्या शेतकऱ्याचा मुलगा. सुदामनं त्याला समोरून पाहिलं होतं. पुढं एका विहिरीत रिव्हॉल्व्हर सापडलं, नंबर कानशीनं घासून काढलेला. ते आमचं नव्हेच, असं मुलाचं म्हणणं. फौजदार ते ओळखीसाठी दुकानात घेऊन आला तेव्हा मी तिथंच होतो. सांगाडा जांभळा होता. मी बोलायला गेलो तर फौजदार म्हणाला, "तुम्ही जखमीचे भाऊ, तुमचं कोण मानणार? यांनी सांगितलं तर वजन पडेल." तो गेल्यावर विश्वनाथरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तेच हाय, गुरुजी. मी सांगतो कोर्टात. आईला सांगा, काळजी करू नका." मी गावी जाऊन आईला तसं सांगितलं. तिनं तेवढ्यावर कित्येक महिने काढले.

कोर्टात त्यांनी ते रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, परवानगी मागून खिडकीशी गेले, उजेडात नीट फिरवून पाहिलं. परत येऊन म्हणाले, "न्हाई साहेब, ओळखू येत न्हाई. असली कामं लय जण करतेत." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. सुदामची साक्ष एकटी पडली आणि मुलगा सुटला. मी त्याच आठवड्यात खोली सोडली. सामान उतरवताना ते दुकानात खाली मान घालून काहीतरी घासत होते. मीही काही विचारलं नाही.

पुढची सगळी वर्षं मी स्वतःची एक समजूत घालत आलो. त्यांना कुणीतरी दम दिला असेल, दुकान जाळू म्हणाले असतील, मुलाबाळांचा माणूस, भ्याला असेल. त्या समजुतीमुळं त्यांचा पुरता द्वेष करणं मला जमलं नाही. यंदा विद्यापीठाचं नाव बदललं त्या दिवशी आम्ही मिरवणुकीनं त्यांच्या दारावरून गेलो, तेव्हा ते पायरीवर उभे होते. थकले होते. त्यांनी हात वर केला... मी पुढं गेलो.

दिवस झाल्यावर वहिनींना भेटायला गेलो. न जाणं जमलं नाही. त्यांच्या हातचं मी वर्षानुवर्षं जेवलो होतो. थोड्या वेळानं मीच म्हणालो, "वहिनी, त्यांच्यावर दडपण होतं, हे मला ठाऊक आहे. मनात काही ठेवू नका."

"दडपण कुनाचं, गुरुजी? कुनी आलं न्हाई, कुनी दम दिला न्हाई. मीच त्या सांजच्याला इचारलं, असं का केलंव म्हनून. तर म्हनले, गुरुजी आज हायत, उद्या बदली होऊन जातील. ही मानसं जन्माची आपली."

त्या रडत होत्या. चहा निवला. मी तसाच उठलो आणि गाडी धरून गावी गेलो.

सुदाम शेळ्यांना पाला टाकत होता. त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. "मला ठावं होतं," म्हणाला.

"कसं?"

"मी कोर्टात बाकावरनं त्यांच्या तोंडाकडं बघायलो होतो. भ्यालेलं मानूस घाई करतंय, दादा. त्यांनी सावकास बघितलं, मंग न्हाई म्हनले."

"मग इतकी वर्षं मला बोलला का नाहीस?"

तो काठी टेकत वळला. "काय बोलायचं... तिकडल्यातला तुजा तेवढा एकच मानूस होता."

माझा शाळेचा रस्ता अजून त्या दुकानावरूनच जातो. आता त्यांचा मुलगा बसतो तिथं. परवा त्यानं आतून हाक मारली, "काका, या की. चहा सांगतो." त्यांच्या खुर्चीत कुणी बसत नाही. तिच्यावर त्यांची मलमलीची फडकी धुऊन, घडी करून ठेवलेली होती, ते आता कामाला सुरुवात करणार असल्यासारखी. मी उंबऱ्यापर्यंत गेलो. आणि शाळेला उशीर होतोय, असं सांगून निघालो.