फाट्यावरची फांदी

‘अपघाताच्या वेळी फाट्यावर कोणतीही खूण नव्हती.’

हे वाक्य माझे आहे. आमच्या सोसायटीच्या वाचनालयाच्या दारावर, निळ्या शाईत, माझ्या अक्षरात ते तीन आठवडे लावलेले होते. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खूण नव्हती, कारण आठ दिवस आधी ती मीच काठीने बाजूला सारली होती. एवढे मात्र मी तेव्हा लिहिले नाही. ते आज लिहितो आहे. उशीर किती झाला आहे ते मला ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परळची खोली सोडून आम्ही गोखिवऱ्याला फ्लॅट घेतला. गॅलरीत उभे राहिले की तुंगारेश्वरचा डोंगर समोर. ऑफिसात आठवडाभर फायली हलवणाऱ्या माणसाला रविवारी डोंगर मिळाला की तो जरा वेडा होतो, तसा मी झालो. सकाळी भाकरी-चटणी बांधून निघायचे आणि दिवेलागणीच्या आत परत यायचे. सोसायटीतले आणखी सहा-सात जण येऊ लागले. मी वयाने मोठा, म्हणून पुढारी.

वाटांची खबर लिहून लावायची कल्पना माझीच. दर मंगळवारी संध्याकाळी एक कागद. ‘चिंचोटी : धबधब्याखाली बाटल्यांच्या काचा आहेत, अनवाणी उतरू नये.’ ‘तुंगारेश्वर : ओढ्यातले दगड शेवाळलेले, काठी न्यावी.’ ‘कामणदुर्ग : कारवी डोक्याच्या वर गेली आहे, पुढचा माणूस दिसत नाही, हाका मारत राहावे. टाक्यातले पाणी गाळून प्यावे.’ लोक थांबून वाचायचे. कधीही डोंगर न चढणारेसुद्धा वाचायचे. मला ते फार आवडायचे, हेही कबूल करतो. आणि कामणदुर्गाच्या प्रत्येक खबरेखाली मी एक ओळ न चुकता लिहायचो : ‘फाट्यावरची खूण पाहूनच पुढे जावे.’

ती खूण गडाच्या पायथ्याच्या पाड्यावरचा एक म्हातारा ठेवायचा. आम्ही सगळे त्याला बाबा म्हणायचो. चढाच्या मध्यावर वाट फुटते. एक वरून, डोंगराच्या कडेकडेने, जवळची. दुसरी खालून, ओढ्याला वळसा घालून, तासभर लांबची. पावसात वरच्या वाटेचा एखादा तुकडा दरवर्षी खाली जातो आणि दोन्हीकडचे गवत त्यावर असे झुकते की पाय पडेपर्यंत कळत नाही. म्हणून पाऊस सरता सरता बाबा वर जाऊन वाट बघायचा, आणि ती तुटली असेल तर फाट्यावर एक ओली फांदी आडवी टाकून तिच्यावर धोंडा ठेवायचा. पाड्यावरच्या गवतकाप्या बाया, गुराखी, लाकडाला जाणारे, सगळे ती फांदी मानायचे. त्याचा बापही हेच करायचा म्हणे. पहिल्या वर्षीच त्याने मला सांगितले होते, “नुसती फांदी आसली तर वाऱ्यानं पडली समजा. धोंडा आसला तर मानसानं ठेवली. मग तिकडं जायाचं नाय. देव आला तरी नाय जायाचं.”

म्हणजे मला ठाऊक होते.

त्या वर्षी माझा गुडघा कुरकुरू लागला होता. गणपतीच्या आधीच्या फेरीत मी दोनदा बसलो, तेव्हा आमच्यातला एक तरणा म्हणाला, “काका, पुढच्या वर्षी तुमच्यासाठी डोली सांगून ठेवू का?” सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन बायकोला सांगितले, तर ती म्हणाली, “बरोबर बोलला तो. पन्नाशी उलटली तुमची.”

दसरा झाल्यावर एका रविवारी मी कोणालाही न सांगता एकटा कामणला गेलो. बाबाच्या अंगणात पाणी प्यालो. तो भातकापणीच्या गडबडीत होता, विळ्याला धार लावत होता. “एकलंच?” एवढे विचारून तो शेताकडे गेला. फाट्यावर पोचलो तर करवंदीची फांदी आडवी, तिच्यावर नारळाएवढा धोंडा.

मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो. पाने अर्धी सुकली होती. मी मनाशी म्हटले, म्हातारा फार भितो. म्हटले, ही यांची गुरांसाठी असेल. आणि खरे काय ते म्हटलेच नाही, की मला वरच्या वाटेने जाऊन आलो असे सांगायचे होते. काठीने धोंडा ढकलला, तो घरंगळत कारवीत गेला. फांदी बाजूला लोटली. ओलांडून जाता आले असते. ओलांडायला गुडघा उचलावा लागला असता, म्हणून लोटली.

वाट तुटलेली होती. खाटेएवढा तुकडा गेला होता, खाली कारवीचे दाट रान. मुळांना धरून, पोट डोंगराला घासत मी पलीकडे गेलो. मी खुशीत होतो. गडावर टाक्याशी बसून भाकरी खाल्ली. परत त्याच जागेवरून यायची छाती झाली नाही, म्हणून चिंचोटीच्या बाजूने उतरलो. फाटा मागेच राहिला.

मंगळवारी ऑफिसात तपासणी होती, कागद लिहिला नाही. बुधवारी पाहुणे आले. शनिवारी संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. हे कोकणातले, बोलायला मोकळे, आमच्याबरोबर चार-पाचदा आलेले. हातात नवे कॅनव्हासचे बूट होते.

“उद्या कामणदुर्ग,” ते म्हणाले. “मेव्हणा आलाय. त्याला वाटतं, डोंगर फक्त त्यांच्या साताऱ्यालाच आहेत. कागद कुठाय तुमचा? वाट कशी आहे?”

“चांगली आहे,” मी म्हणालो. “गवत आहे. फाट्यावरची खूण बघून जा.”

“ते तर तुमचं पालुपदच आहे. पाठ झालंय आम्हाला.”

ते हसत खाली गेले. त्यांच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला, आणि तेव्हा मला आठवले. मी तीन पायऱ्या उतरलो. चौथीवर थांबलो. त्यांना काय सांगणार होतो? की मी ज्या खुणेची एवढी वर्षे पोथी लावली ती मीच उधळली? मग वाटले, आठ दिवस झाले, बाबा गवताला वर गेला असेल, त्याने बघून परत ठेवली असेल. हा विचार सोयीचा होता. मी वर येऊन चहा प्यालो.

बाबा गेला नव्हता. पाड्यावर कोणीच वर गेले नव्हते, सगळे भातात होते.

शेजारी पुढे होते, मेव्हणा मागे. शेजाऱ्यांनी गवतावर पाय ठेवला आणि ते दहा-बारा फूट खाली कारवीत कोसळले. त्यांचा खुबा मोडला. मेव्हणा धावत पाड्यावर आला. भातातली माणसे विळे टाकून वर गेली, बांबूला घोंगडी बांधून त्यांना खाली आणले. डोलीचा पुढचा बांबू बाबाच्या खांद्यावर होता, हे मला मेव्हण्याने इस्पितळात सांगितले.

मी रोज इस्पितळात जायचो. डबा न्यायचो. त्यांची बायको मला म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतंत हो खूण बघून जा म्हणून. यांनी बघितली. नव्हतीच ती.” मी मान हलवली.

पुढच्या रविवारी आमचा गट बाबाला जाब विचारायला गेला. मीही गेलो. न जाणे विचित्र दिसले असते. अंगणात भाताचे भारे रचले होते. पाड्यावरचे चार-पाच जण जमले.

“बाबा, खूण का नाही ठेवलीत?” डोलीची चेष्टा करणाऱ्यानेच विचारले.

“ठेवली व्हती की. करवंदीची फांदी. वर धोंडा.”

“मग गेली कुठे? पाय फुटले तिला?”

एक-दोघे हसले. पाड्यावरचा एक माणूस म्हणाला, “म्हाताऱ्या, कापनीची घाई तुला. गेल्या सालची ध्यानात आसंल तुझ्या.”

“नाय रं. याच साली ठेवली. हातात काटा गेल्ता माझ्या.” त्याने तळहात पुढे केला. आठवड्यांपूर्वीच्या काट्याचे त्या हातावर काय दिसणार? मग तो माझ्याकडे वळला. चेहरा एकदम उजळला. “साहेब, तुमी त्याच्या आदल्या आयतवारी गेल्ता ना? माझ्या हितं पानी पिऊन गेलात. तुमी बघितली आसंल.”

सगळे माझ्याकडे बघू लागले.

“माझं लक्ष नव्हतं, बाबा,” मी म्हणालो. “मी खालच्या वाटेनं गेलो.”

त्याने हात हळूहळू मागे घेतला. तळहाताकडे बघत राहिला. म्हणाला, “मग नसंल ठेवली.”

त्याच आठवड्यात मी तो कागद लिहिला.

शेजाऱ्यांचा पाय आखडला. कुबडी घेऊन मुंबईची नोकरी होईना. वर्षभरात त्यांनी फ्लॅट विकला आणि गावी गेले. निघताना मला एक तांब्याची कळशी देऊन गेले, आठवण म्हणून. आमच्या गटाने फाट्यावर दगडांना तैलरंगाचे बाण मारले, दोन पावसाळ्यांत ते पुसले. बाबाकडे पाणी प्यायला थांबायचे सगळ्यांनी सोडले. पाड्याने फांदी ठेवायचे काम दुसऱ्याला दिले, त्याने एक-दोन वर्षे केले आणि सोडून दिले. मी गुडघ्याचे कारण सांगून डोंगर बंद केला. कागदही बंद झाला. नंतर वाचनालयही.

शेजारी वारल्याची बातमी गावाहून आली तेव्हा मी निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. त्यांना सांगायचे राहिले. मी गावी एक पत्र पाठवले, त्यांच्या बायकोच्या नावे, सगळे स्पष्ट. उत्तर आले नाही. येऊ नये, असेच वाटत होते. मग रिक्षा करून कामणला गेलो.

बाबा अंगणात बाजेवर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, पण त्याने आवाजावरून ओळखले. “साहेब, बसा. सूनबाई, पानी आन.”

मी पाणी घेतले नाही. उभ्यानेच सांगितले. फांदी होती, करवंदीची होती, धोंडा होता, मी काठीने ढकलला. तुमची चूक नव्हती, बाबा. मी खोटे बोललो.

त्याने सगळे ऐकले. मग बोळक्या तोंडाने हसला.

“साहेब, तुमी चांगलं मानूस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून सांगता. पन मला ठावं हाय. म्याच इसरलो.”

“नाही हो. मी देवाशपथ सांगतो.”

“शपथ कशाला खाता? तुमीच बोललेला ना तवा, लक्ष नव्हतं म्हनून? मानूस तवाच खरं बोलतं. आता इतक्या सालांनी तुमाला काय आठवनार?” त्याने चाचपत माझा हात धरला आणि थोपटला. “त्या मानसाचं हाड माझ्यामुळं मोडलं. डोलीत किती कन्हत व्हता. म्या खांद्यावर ऐकत व्हतो.”

मी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदाही सांगितले. तो मान हलवत राहिला, रडणाऱ्याला समजावतात तसा.

सून दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. मी निघालो तशी अंगणाबाहेर आली. “तवा बोलला आसता तर,” ती म्हणाली. मी म्हणालो, निदान पाड्यावर सांग सगळ्यांना. ती म्हणाली, “कोनाला सांगू? तवाचे कोन ऱ्हायलेत? आनि ह्यांनाच पटत नाय, तर लोकांना काय पटवू?”

कुंपणाच्या तोंडाशी एक फांदी आडवी पडली होती, वर धोंडा. येताना मी ती पाहिली नव्हती, रिक्षावाल्याने बाजूच्या खिंडारापाशी उतरवले होते, तिथूनच आत आलो होतो. सून म्हणाली, रोज सकाळी ठेवतात. रानात जाता येत नाही, म्हणून इथेच. दिवसातून दहादा विचारतात.

मी गुडघा हाताने उचलून ती ओलांडली. मागे बाजेवरून आवाज आला, “सूनबाई, फांदी ठेवली का गं म्या?”

“ठेवली, बाबा. हाय जागेवर.”

“धोंडा?”

“धोंडाबी हाय.”

मी रिक्षापर्यंत पोचलो नव्हतो, तोच त्याने पुन्हा विचारले.